केरेम हा-तेमानीममधले एक दुपारचे जेवण



आम्ही एरवी पुस्तकांना गुण देतो. या वेळी एका खाणावळीला द्यायचे आहेत, आणि तिच्याआधी स्वतःला. कारण म्हाताऱ्या माणसांचे एक जेवण बाहेर ठरवताना आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या खाणावळीच्या चुकांपेक्षा पुष्कळ जास्त आहेत.

आम्ही माझगावच्या सर एली कदूरी शाळेतले सोबती. वेगवेगळ्या वर्षी या देशात आलो आणि जिथे घर मिळाले तिथे राहिलो, कोणी रामलेला, कोणी अश्दोदला, एक बेर शेवाला, एक पेताह तिकवाला. वर्षातून एकदा लोदला ताईंकडे जेवायला जमतो. ताई आमच्या वर्गातल्या एका सोबत्याची थोरली बहीण. तो जाऊन बारा वर्षे झाली, पण जेवण थांबले नाही. नारळाच्या रसातले मटण, सांदणे, कांद्याची कोशिंबीर आणि शेवटी चिकाचा हलवा. तीस वर्षांत या यादीत एका पदार्थाचाही फरक झाला नाही, आणि तो व्हावा असे कोणी म्हटलेही नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण आता वॉकर घेऊन चालतात आणि शेगडीपुढे दहा मिनिटांहून जास्त उभे राहवत नाही. फोनवर म्हणाल्या, "या वर्षी माझ्याकडे नको." आम्ही सुचवले, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणावा. त्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या घरी तुम्ही डबे घेऊन येणार? मग मी यजमान की पाहुणी?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून बाहेर जेवायचे ठरले.

बाहेर म्हणजे कुठे? पहिली सूचना भारतीय रेस्टॉरंटची आली आणि लगेच पडली. या देशात भारतीय जेवण म्हणून जे मिळते ते बहुतेक पंजाबचे. नान, तंदुरी, दाट पिवळ्या-तांबड्या ग्रेव्ह्या. वाईट नाही, नातवंडांना आवडते. पण अलिबाग-रेवदंड्याच्या माणसाने तेल अवीवला जाऊन अमृतसरचे जेवावे आणि वर वेटरने "तुमचंच जेवण आहे" असे सांगावे, हे आम्हाला पचले नसते. आपल्या घरचे अन्न या देशात कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही. ते घरात, मलिद्याच्या ताटात आणि हॉलमधल्या लग्नात आहे. त्यामुळे आपले मिळत नसेल तर आपल्याला समजेल असे तरी हवे, असा विचार करून आम्ही केरेम हा-तेमानीमकडे वळलो.

केरेम म्हणजे येमेनी लोकांची जुनी वस्ती, तेल अवीव शहराच्याही आधीची. १९०९ साली शहराचा पाया पडला तेव्हा ही घरे उभी होती. एका अंगाला कार्मेल बाजार, दुसऱ्या अंगाला थोड्या अंतरावर समुद्र, मधे अरुंद गल्ल्या. आता तिथे महागडी घरे झाली आहेत आणि कुत्री फिरवणारी तरुण मंडळी राहतात, पण रस्सा विकणाऱ्या काही घरगुती खाणावळी अजून आहेत. आम्ही गेलो तिचे नाव इथे देत नाही. तिला आम्ही काही कमी गुण देणार आहोत, आणि आठ टेबलांच्या जागेला छापील गुण फार लागतात.

तारीख ठरवणे हाच एक धडा झाला. पहिली तारीख जुलैतली धरली. सगळ्यांनी होकार दिला, आणि मग बेर शेवाच्या सोबत्याच्या पत्नीने पंचांग काढले. तो दिवस बिरड्याच्या सणाआधीच्या नऊ दिवसांत येत होता. मांस नाही! रश्श्याच्या खाणावळीत जाऊन बटाटा खाऊन यायचे का? ऑगस्टात ऊन. पुढे सण लागले. शेवटी या देशात सगळ्याच कामांचे होते ते झाले, अहरे हा-हगीम. हेशवान महिन्यातला वार शोधताना पुन्हा डोके चालवावे लागले. रविवारी सकाळच्या गाड्या पाठीवर बोचकी घेतलेल्या सैनिक पोरांनी भरलेल्या असतात. त्यांच्यात आपली काठी घेऊन शिरू नये. मंगळवारी आणि शुक्रवारी नाहलात बिन्यामीनच्या रस्त्यावर हस्तकलेचा बाजार भरतो आणि बाजूचा कार्मेल बाजारही तुंबतो. शुक्रवारी तर सगळे शहर शब्बातच्या खरेदीला निघते. गुरुवारी सैनिक परत निघतात. उरले सोमवार आणि बुधवार. आम्ही सोमवार घेतला.

मग पाहणी. शाळेची सहल न्यायची तर शिक्षकाने आठ दिवस आधी जाऊन जागा पाहून यावी, हा नियम आम्ही नोकरीत कधी मोडला नाही. पेताह तिकवाचा सोबती लाल रेघेच्या गाडीने आला. २०२३च्या ऑगस्टात ती सुरू झाल्यापासून त्याला फार अभिमान आहे, जणू रूळ त्यानेच टाकले. आम्ही आगगाडीने हा-हगाना स्टेशनवर उतरून पुढे बसने गेलो. अलेनबी स्टेशनवरून केरेमपर्यंत धडधाकट माणूस पाव तासात पोचतो. आम्हाला पंचवीस मिनिटे लागली, आणि तीही बाजाराच्या कडेकडेने. तेव्हाच ठरले की ताईंना लोदच्या दारातून टॅक्सीनेच आणायचे आणि हा-कोवशिम रस्त्यावर उतरवायचे. तिथून आत गल्लीत चालत.

दाराशी एक पायरी होती, उंच. संडास मागच्या बाजूला, तीन पायऱ्या खाली, कठडा नाही. हे आम्ही वहीत लिहून घेतले, पण मालकाला विचारले मात्र नाही की दुसरी वाट आहे का. ही आमची पहिली चूक. शेजारच्या अंगणातून सपाट वाट होती, ती आम्हाला जेवण झाल्यावर कळली. मालकाला विचारले ते एवढेच: टेबल राखून ठेवाल का? तो म्हणाला, आम्ही राखून ठेवत नाही, साडेअकराला या, बाराला रांग लागते. भात आहे का? आहे. किती माणसे? नऊ.

नऊ नव्हे, अकरा. ताईंबरोबर त्यांची सांभाळ करणारी केरळची मुलगी येणार होती, आणि अश्दोदच्या सोबत्याबरोबर त्याचा मदतनीस. दोघे रोज आमच्या माणसांना उठवतात, न्हाऊमाखू घालतात, औषधे देतात. आणि आम्ही, चाळीस वर्षे हजेरी घेतलेली माणसे, त्यांना मोजायला विसरलो! सोमवारी तीन टेबले जोडली तेव्हा खुर्च्या दोन कमी पडल्या. ती दोघे उभी राहिली, भिंतीला टेकून, काही न बोलता. खुर्च्या मिळायला पाच मिनिटे लागली. त्या पाच मिनिटांसाठी आम्ही स्वतःला शून्य दिले आहे.

बसल्यावर अश्दोदच्या सोबत्याने आपला नेहमीचा विधी केला. चष्मा वर करून भिंतीवरची कश्रुतची तेउदा वाचली, मुदत पाहिली, शिक्का पाहिला. त्याच्या वडिलांनी १९६४च्या उन्हाळ्यात यरुशलायमला धरणे धरले होते. तरुण वाचकांसाठी सांगतो: १९६२ साली मुख्य रब्बींच्या कार्यालयातून सूचना निघाल्या की बेने इस्राएलांपैकी कोणी जमातीबाहेर लग्न करणार असेल तर त्याच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. आपल्या लोकांनी धरणे धरले, १९६४च्या ऑगस्टात क्नेसेतने ठराव केला, आणि मग त्या सूचनांतून आपले नाव काढले गेले. तेव्हा ज्यांनी आमचे कागद मागितले त्यांचाच कागद आता आम्ही तपासतो, असे तो दर वेळी म्हणतो आणि दर वेळी स्वतःच हसतो. या वेळी ताई म्हणाल्या, "वाचून झालं असेल तर बस, सूप थंड होईल." सूप अजून मागवलेही नव्हते.

पण त्या तेउदेचे आम्हाला दुसरेच वाटते. मुंबईत आम्ही हॉटेलात मांस कधी खाल्ले नाही. इराण्याकडे जायचो ते ब्रुन-मस्का आणि पानी कम चहासाठी. कधी आम्लेट, तेही वडिलांना न सांगता. काचेच्या बरणीमागे खिम्याचा वास यायचा आणि आम्ही मान दुसरीकडे वळवायचो. भर शहरात, अनोळखी माणसाच्या टेबलावर, निर्धास्तपणे मटणाचे हाड चोखायला मिळणे ही आमच्या वयाच्या माणसाला अजूनही थोडी चैन वाटते. आमच्या नातवंडांना यात काय विशेष ते कळणार नाही, आणि न कळणेच बरे.

आता जेवण. आधी टेबलावर चार वाट्या आल्या: झुग, हिल्बे, किसलेला टोमॅटो, लोणचे. आणि लाहुह. लाहुह म्हणजे आपल्या आंबोळीची मावसबहीण, एका बाजूने भाजलेली, वर जाळी, चव आंबूस. गरम होती तोवर आठ गुण. निवल्यावर ती नमद्यासारखी होते आणि कवळीला चिकटते, तेव्हा चार. एकदम सगळी आणू नका, दोन-दोन करून आणा, असे सांगायला हवे होते.

हिल्बे म्हणजे मेथी. भिजवून, वाटून, फेटून फेस काढलेली. आपल्याकडे मेथी बाळंतिणीच्या लाडवात जाते आणि बाळंतीण नाक मुरडत खाते. इथे ती पाहुण्याला पहिल्या घासाला देतात. चव कडसर, पण मागून लिंबू येते आणि जीभ पुढचा घास मागते. आम्ही सात दिले. ताईंनी बोटाच्या टोकाने चाखून केरळच्या मुलीकडे पाहिले, तिने मान हलवली, आणि दोघींचे काहीतरी एकमत झाले. आमच्यापर्यंत ते पोचले नाही.

रस्सा मोठ्या वाडग्यात येतो. पिवळा, पातळ, वर चरबीचे डोळे, आत एक अख्खा बटाटा आणि आपण मागू ते मांस: साधे, पायाचे किंवा शेपटीचे. मसाल्याला ते हवाइज म्हणतात, म्हणजे हळद, जिरे, मिरे आणि मागे थोडी वेलची. आम्ही बहुतेकांनी शेपटीचा घेतला, आणि निवड बरोबर ठरली. हाडापासून मांस चमच्याने सुटत होते, दात लागतच नव्हते. नऊपैकी पाच कवळ्या असलेल्या मंडळीत याला वेगळे गुण द्यावे लागतात. हाडाचा अर्क उतरलेला, घाई केलेली नाही. मीठ किंचित जास्त. रक्तदाबवाल्यांनी अर्धा रस्सा सोडावा, मांस खावे. नऊ गुण.

भाताला तीन. मोकळा नाही, गरम नाही, वर लाल चिकट काहीतरी ओतलेले. "भात आहे का" असे विचारून भागत नाही, "कसा आहे" हे विचारावे, आणि शक्य तर चाखून यावे. भाताशिवाय जेवण झाले असे आमच्यातल्या कोणालाच वाटत नाही, म्हणून तोही संपला, पण कुरकुरत.

झुगविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण वाद त्यावरूनच झाला. झुग म्हणजे हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लसूण. आपल्या हिरव्या मसाल्याचेच सामान. पण आपण तो मसाला रश्श्यात घालतो, ते बाजूला वाटीत ठेवतात. त्यांच्या रश्श्यात तिखट नाही. ज्याला हवे त्याने हवे तितके घालून घ्यावे. पेताह तिकवाचा सोबती म्हणाला, ही किती शहाणपणाची रीत आहे, अल्सरवाला आणि तिखट खाणारा एकाच भांड्यातून जेवू शकतात. आम्हालाही ते पटले. ताईंना पटले नाही. त्या म्हणाल्या, "ज्याचं त्याने घालून घ्यायचं तर स्वयंपाक केला कोणी?"

आम्ही यावर त्या दिवशी हसलो. नंतर आठवत राहिले. तीस वर्षे ताईंच्या टेबलावर तिखट किती हे ताई ठरवत होत्या. आमच्यातल्या एकाला पोटाचा त्रास सुरू झाला त्या वर्षी मटण कमी तिखट झाले, आणि कोणी काही न बोलता सगळ्यांनी तेच खाल्ले. वाटी बाजूला ठेवली की कोणाचे पोट बिघडले आहे हे स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज राहत नाही. खाणावळीला ते ठाऊक असावे अशी अपेक्षाही नाही. तरीही समीक्षकाने दोन्ही पद्धती जवळजवळ मांडून पाहाव्यात, आणि झुगच्या वाटीत सोय आहे हे मान्य करून तिच्यात काय नाही तेही लिहावे. झुगला स्वतःला आठ. ताजा होता, लसूण कडू झाली नव्हती.

वाढणारी मुलगी वीस-बावीसची. ताईंना "नेशामा" म्हणाली, आम्हाला "सबा" म्हणाली, आणि पायरी चढताना हात दिला. वागणुकीला नऊ. पण ऐकण्याला पाच, कारण आम्ही होदूचे आहोत हे कळताच मालकाने न मागता झुगच्या आणखी दोन वाट्या पाठवल्या. भारतीय म्हणजे मिरची! बेर शेवाच्या सोबत्याने मग अभिमानापोटी एक चमचाभर खाल्ली, आणि पुढचा अर्धा तास तो कोणाशी बोलला नाही.

चहाचा विचार आम्ही केलाच नव्हता. मांसाच्या खाणावळीत दुधाचा चहा कुठून येणार? पुदिन्याचा कोरा चहा किंवा काळी कॉफी. आपल्या मंडळींना जेवणानंतर अर्धा तास गप्पा आणि हातात कप लागतो. इथे बाराच्या रांगेतली माणसे आमच्या पाठीशी उभी राहून खुर्च्यांकडे पाहत होती. हेश्बोन आला. दरडोई शंभर शेकेलच्या थोडे वर, वर बारा टक्के तिप आम्ही आपणहून ठेवली. ताईंनी पर्स उघडली, आम्ही सगळ्यांनी मिळून बंद केली, आणि त्यावर त्या खरोखर रागावल्या. इतकी वर्षे तुम्ही खाऊ घातले, असे कोणीतरी म्हणाले. "त्याचे पैसे देताय का?" त्यांनी विचारले. ते आधी बोलून ठरवायला हवे होते. एकट्यात, फोनवर, पंधरा दिवस आधी. ही चूक खुर्च्यांच्या खालोखाल.

बाहेर पडून हळूहळू समुद्राकडे गेलो आणि बाकांवर बसलो. केरळच्या मुलीने पिशवीतून थर्मास काढला. गवती चहा, कोरा, आले घालून. अकरा कागदी पेले होते. मोजणी तिने बरोबर केली होती.

पुन्हा जावे का? रामलेचे दोघे हो म्हणतात. पेताह तिकवाचा सोबती म्हणतो, जावे, पण पाच जणांनी, अकरांनी नव्हे. आठ टेबलांच्या जागेत अकरा म्हणजे वरात. अश्दोदचा सोबती म्हणतो की पुढच्या वेळी तेउदेची मुदत संपलेली असेल, पाहून घ्या. आमचे मत असे की खाणावळ चांगली आहे, रश्श्यासाठी तर जरूर जावे, सोमवारी किंवा बुधवारी, साडेअकराला, शेजारच्या अंगणातून.

ताईंना आम्ही त्या दिवशी मत विचारले नाही. त्यांच्या वाडग्यात अर्ध्याहून जास्त रस्सा उरला होता. वाढणाऱ्या मुलीने तो डब्यात बांधून दिला होता आणि ताईंनी तो टॅक्सीत मांडीवर धरून नेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन आला. स्टुलावर बसून त्यांनी कोथिंबीर-मिरची वाटली, नारळाचा रस काढला, डबा पातेल्यात ओतला आणि एक उकळी दिली. "मुलीने दोनदा भात घेतला," ताई म्हणाल्या. "त्यांचं हाड चांगलं होतं."